मंगळवारची पावलं

पावलं कशी वाचवायची हे बायकांना शिकवणं ही माझी नोकरी होती. हसू नका, पगारी नोकरी होती. मिनेसोटातल्या आमच्या जिल्ह्याच्या शेतकी कार्यालयात दारावर पाटीच होती: सिग्ने टोरगर्सन, गृहशास्त्र सल्लागार. चर्चच्या तळघरात, शाळेच्या वर्गात, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत वीस-पंचवीस शेतकरणी जमायच्या. मी खिडक्यांचे पडदे ओढायची आणि भिंतीवर दोन फोटो दाखवायची. पहिला, आधीचं स्वयंपाकघर. दुसरा, नंतरचं स्वयंपाकघर. दोन्ही फोटो माझ्या आईच्या घरातले.

दुसऱ्या फोटोत आई उंच स्टुलावर बसून नव्याकोऱ्या ओट्यावर बटाटे सोलते आहे. तिच्या पाठीमागे खिडकी आहे. त्या खिडकीच्या काचेत, उजव्या कोपऱ्यात, तिळाएवढा एक काळा ठिपका दिसतो. पुढच्या रांगेतली एखादी चौकस बाई हमखास विचारायची, "तो कसला डाग हो?" मी म्हणायची, "धूळ असेल स्लाइडवर. तिकडे लक्ष देऊ नका, ओट्याकडे बघा." रुमालाने ती स्लाइड मी किती वेळा पुसली असेल याला गणती नाही. अकरा वर्षं पुसत होते.

आईचं नाव बेरित. तिचा आठवडा चर्चच्या घंटेसारखा ठरलेला होता आणि आमच्या भागातल्या प्रत्येक बाईचा तसाच होता. सोमवारी धुणं. पहाटे बंबात पाणी तापवायचं, फळीवर घासायचं, रुळातून पिळायचं, आणि सात वाजायच्या आत दोरीवर. दोरीवरसुद्धा रीत होती. बाहेरच्या दोरीवर चादरी आणि टॉवेल, आतल्या दोरीवर पुरुषांचे लेंगे आणि आपले आतले कपडे, म्हणजे रस्त्याने पाद्री गेला तर त्याला फक्त चादरी दिसाव्यात. पाव मैलावर आमची शेजारीण थेआमावशी राहायची. मधे नुसतं सपाट शेत, त्यामुळे या दोरीवरून ती दोरी स्वच्छ दिसायची. कुणाचं धुणं आधी वाळत पडतं याची दोघींत वर्षानुवर्षं चढाओढ होती. आई हरली की दुपारपर्यंत घुश्शात असायची आणि बाबा मुद्दाम विचारायचे, "काय गं, आज थेआकडे सूर्य लवकर उगवला वाटतं?"

मंगळवारी इस्त्री. त्यामुळे मंगळवारी दोरी रिकामी असायला हवी. मंगळवारी कुणाच्या दोरीवर काही लटकताना दिसलं तर त्या घरात आजारपण आहे किंवा आळस आहे असं समजायचं, आणि दोन्हींची चौकशी रविवारी चर्चच्या पायरीवर व्हायची. मग बुधवारी शिवणटिपण, गुरुवारी लोणी, शुक्रवारी झाडलोट, शनिवारी आठ पाव भाजायचे. रविवारी देवाची भक्ती आणि वीस माणसांची कॉफी. त्यात गाई, कोंबड्या, परसातली भाजी, बरण्या भरणं हे धरलेलंच नाही, कारण त्याला कुणी काम म्हणतच नसे.

मी मात्र शहरात जाऊन गृहशास्त्राची पदवी घेऊन आले होते. सव्वीस वर्षांची होते, नाक वर आणि हातात वही. १९४८ च्या वसंतात कार्यालयाने मला पावलं मोजायचं एक यंत्र दिलं. घड्याळाएवढं. कमरेला अडकवायचं, दिवसभर वावरायचं आणि झोपताना आकडा लिहायचा. मी ते आईला दिलं. मी जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहत होते, रविवारी घरी यायची. तेव्हा तिने आठवडाभर स्वतःच आकडे लिहून ठेवायचे असं ठरलं.

पुढच्या रविवारी मी कार्ड हातात घेतलं आणि उडालेच. सोमवार चौदा हजार दोनशे. बुधवार तेरा हजार. गुरुवारही जवळपास तेवढाच. आणि मंगळवार एकोणीस हजार सहाशे चाळीस.

"आई! मंगळवारी? इस्त्रीच्या दिवशी? अगं, एका जागी उभं राहायचा दिवस तो!"

"असतील," आई म्हणाली. ती खिडकीपाशी तिच्या जुन्या टेबलाशी बटाटे सोलत होती.

"असतील काय! चाललीस कुठे एवढी?"

"इकडून तिकडे."

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "एवढ्यात ती नॉर्वेला जाऊन, माहेरची कॉफी पिऊन परत आली असती."

"माहेरची कॉफी तरी धड असते," आई म्हणाली. "इथे पुरुषांना तपकिरी पाणी दिलं तरी कळत नाही."

झालं, आम्ही हसलो आणि विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो तिथे सुरू झाला. मी कागदावर स्वयंपाकघराचा नकाशा काढला, चूल इथे, पाण्याची बादली तिथे, टेबल पार पलीकडे खिडकीपाशी, आणि रेघा मारून सिद्ध केलं की हे घरच बाईला पळवतं. त्या एकोणीस हजारांवर मी अहवाल लिहिला. विद्यापीठाच्या पत्रकात तो छापून आला. त्या वर्षी मी जमिनीवरून चालत नव्हते.

खरं काय ते मला बारा वर्षांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. मी नको तितकी वाट बघितली, तुम्ही कशाला बघायची?

त्यातली सहा हजार पावलं आमच्या घरातली नव्हतीच. ती थेआमावशीच्या घरची होती.

थेआमावशीचा एकुलता एक मुलगा एर्लिंग १९४४ साली इटलीत लढाईत मारला गेला. मावशी रडली नाही, चर्चमध्ये ताठ बसली, आलेल्यांना स्वतः कॉफी ओतली. सगळ्यांनी वाखाणलं. पण त्यानंतर अधूनमधून एखादी सकाळ अशी यायची की ती उठायची, एक मोजा पायात घालायची आणि दुसरा हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसून राहायची. पुढे काही होतच नसे. चूल थंड, धुणं टबात तसंच, पीठ कोरडं. तिचा नवरा हाल्वर वाईट माणूस नव्हता. पण बारा वाजता शेतातून आल्यावर टेबलावर जेवण नसेल तर काय करायचं हे त्याला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. तो घाबरायचा आणि घाबरला की त्याच्या बहिणीला फोन करायचा. ती बहीण म्हणजे सेल्मा. सेल्माने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "ही बाई आता घर चालवायच्या कामाची राहिली नाही. हिला राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेव, नाहीतर तुझं शेत बसेल." पुन्हा एकदा असं झालं तर ठेवायचं, असं भावाबहिणीत ठरलंसुद्धा होतं.

फोनवर कुणाला हाक मारायची सोय नव्हती. आमच्या आठ घरांत मिळून एकच तार होती. एकीने शिंकावं आणि सात घरांतून "बरं आहे ना?" असा प्रश्न यावा. म्हणून त्या दोघींनी आपसात ठरवलं. जमणार नाही अशी सकाळ आली तर थेआमावशीने फक्त एवढंच करायचं, तिचा गडद निळा ॲप्रन दोरीच्या आमच्याकडच्या टोकाला अडकवायचा. तेवढं तिला कसंबसं जमायचं.

आईला तो खिडकीतून दिसायचा. मग ती आमचं जेवण चुलीच्या कडेला सरकवून ठेवायची, हातात केकचा रिकामा डबा घ्यायची, कुणी विचारलं तर डबा परत करायला चालले, आणि बांधाबांधाने निघायची. तिथे जाऊन चूल पेटवायची, स्वयंपाक करायची, शर्टांना इस्त्री करायची, थेआमावशीचा दुसरा मोजा तिच्या पायात घालायची आणि बाराच्या आत घरी. दुपारी पुन्हा एक फेरी. हाल्वर जेवायला यायचा तेव्हा टेबलावर वाफ निघत असायची. तो जेवायचा आणि परत शेतात जायचा. चार वर्षं ते घर निम्मं माझ्या आईच्या हातांवर चाललं आणि आठ घरांत कुणालाही वास लागला नाही. फक्त त्या कमरेच्या यंत्राला लागला, आणि ते वाचणारी मी होते.

त्या उन्हाळ्यात मी आईचं स्वयंपाकघर बदलायला काढलं. वीज आदल्या वर्षी आलीच होती. ओटा आतल्या भिंतीला, चूल आणि पाण्याचा नळ त्याच्या दोन बाजूंना, सगळं हाताच्या अंतरावर. जुनं टेबल काढायची वेळ आली तेव्हा आई त्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"हे इथेच राहू दे, सिग्ने."

"का?"

"उजेड येतो इथे."

"आई, डोक्यावर दिवा लावून दिलाय. बटण दाबलं की उजेड."

"मला इथून दिसतं."

"काय दिसतं? गहू?"

"हाल्वरचा गहू आपल्यापेक्षा बरा आलाय का, ते बघत असेल," बाबा म्हणाले.

"बरा आलाय," आई म्हणाली. "तो तण काढतो."

आम्ही दोघं खो खो हसलो. आईही हसली आणि तिने हात काढून घेतला. एकदा, फक्त एकदा, मी तिच्या तोंडाकडे नीट बघायला हवं होतं. पण माझा एक डोळा नकाशावर होता आणि दुसरा पत्रकावर. टेबल कोंबड्यांच्या खुराड्याशेजारच्या खोलीत गेलं.

त्यानंतर रविवारी मी आले की बघायची, आई ओट्यापासून उठतेय, खिडकीपर्यंत जातेय, परत येतेय. अर्ध्या तासाने पुन्हा. मी बोटांवर मोजून दाखवायची. "सोळा पावलं! जाऊन येऊन सोळा! मग एवढा खटाटोप मी कशासाठी केला?" आई म्हणायची, "सवय आहे गं. जाईल." सवय जावी म्हणून मी खिडकीला जाड पडदा लावायचं सुचवलं होतं. तेवढं मात्र तिने ऐकलं नाही.

ऑक्टोबरात विद्यापीठाने फोटो काढायला माणूस पाठवायचं ठरवलं. तो मंगळवारी येणार होता. मी आदल्या दिवशीच घरी आले आणि आईकडून सोमवारचं धुणं, मंगळवारची इस्त्री सगळं एका दिवसात उरकून घेतलं, कारण फोटोत ढीग दिसायला नको. मंगळवारी सकाळी तिला रविवारचा पोशाख घालायला लावला, वर मी आणलेला पांढराशुभ्र ॲप्रन. ती आरशात बघून म्हणाली, "असा ॲप्रन घालून बटाटे कोण सोलतं?"

"नंतरच्या फोटोतली बाई सोलते," मी म्हटलं.

फोटोवाला लठ्ठ, हसरा आणि भलता चोखंदळ माणूस होता. नऊ वाजता आला. दिवे लावले, काढले, परत लावले. त्याला आईही स्पष्ट हवी होती आणि तिच्या मागच्या खिडकीतलं शेतही. "सगळेच आतलं घेतात," तो म्हणाला, "मी बाहेरचंही घेतो." आई स्टुलावर, खिडकीकडे पाठ करून. हातात एकच बटाटा, आणि तो काळा पडला की फोटोवाला दुसरा द्यायला लावायचा.

दहाच्या सुमारास आई म्हणाली, "सिग्ने, मी जरा बाहेर जाऊन येऊ?"

"कुठे?"

"कोंबड्यांकडे."

"कोंबड्या कुठे पळून जात नाहीत."

थोड्या वेळाने तिने मान वळवायला सुरुवात केली. फोटोवाला ओरडला, "बाई, हललात! फोटोची प्लेट वाया गेली माझी!"

"आई, मागे बघू नकोस," मी म्हणाले. "एवढं सोपं काम आहे. मागे बघू नकोस, हलू नकोस. पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं दीडपर्यंत चालली. मग त्याला जेवायला वाढणं आलं. कधी नव्हे ते बाबांचं जेवण त्या दिवशी दीड तास उशिरा झालं. त्याची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा दोन वाजून गेले होते. आई धावत खिडकीशी गेली. पलीकडची दोरी रिकामी होती. तिने केवढा तरी मोठा श्वास सोडलेला मी ऐकला आणि मला वाटलं, दमली बिचारी.

संध्याकाळी फोनच्या तारेवर बातमी आली. आठ घरांत एकदमच आली म्हणा. सेल्मा सकाळी न कळवता येऊन धडकली होती. सोमवारचं धुणं टबात आंबलेलं, घरात पाव नाही, आणि थेआ झोपायच्या झग्यात पायरीवर. हाल्वर बारा वाजता आला तेव्हा सेल्माने बॅग भरून ठेवली होती. जाताना तिने दोरीवर एकटाच लटकणारा ॲप्रनही काढून आत टाकला, मंगळवारी दोरीवर कपडा बरा दिसत नाही म्हणून. हे शेवटचं अर्थात तारेवर कुणी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं कुणाला काय वाटणार?

"डॉक्टर म्हणालेत, दोन महिने इस्पितळात विश्रांती," आईने फोन ठेवून आम्हाला सांगितलं. मग ती ओट्याशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मी म्हटलं, "बरंच झालं गं. तिथे तिची काळजी घेतील." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नाताळात मी तो फोटो मोठा करून, काचेच्या चौकटीत बसवून आईला भेट दिला. तिने कागद सोडवला, बघितलं, चष्मा आणायला गेली, चष्मा लावून पुन्हा बघितलं. मग चौकट दिव्याखाली नेली. किती वेळ बघत होती!

"बघा बाबा, कशी स्वतःलाच निरखतेय," मी म्हणाले.

"पन्नाशीला आली तरी हौस आहे," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "छान आलाय." आणि तिने तो ओट्याच्या वर, बरोबर डोळ्यांसमोर येईल असा टांगायला लावला. जागा तिनेच दाखवली. मला काय आनंद झाला होता! मी दर रविवारी तिथे कॉफी प्यायची आणि माझं काम भिंतीवर बघायची. तिने ते रोज बघितलं, दिवसातून तीन वेळचा स्वयंपाक करताना, अकरा वर्षं.

दोन महिन्यांचे अकरा वर्षं पाच महिने झाले. आई वर्षातून दोनदा बसने थेआमावशीला भेटायला जायची. बरोबर बटाट्याच्या पातळ लेफ्से पोळ्या, साखर-लोणी लावून घडी केलेल्या, आणि कडक इस्त्रीचे दोन रुमाल. मला वाटायचं, चांगली शेजारीण आहे माझी आई. कधी गाडीने सोडायला गेले असते, पण माझी व्याख्यानं असायची.

१९६० च्या मार्चमध्ये थेआमावशी तिकडेच वारली. तिला आणून आमच्याच चर्चमागे पुरलं. नंतरची कॉफी तळघरात झाली, त्याच तळघरात जिथे मी पडदे ओढून फोटो दाखवायची. हाल्वर म्हातारा झाला होता. त्याने आईचा हात धरला आणि नुसता हलवत राहिला. सेल्मा बायकांना सांगत होती, "काही केल्या तिच्याकडून घरकाम होईना हो. आमचा नाइलाज झाला." आई ते ऐकत उभी होती. तिने भरलेला कप तसाच खाली ठेवला.

घरी आल्यावर बाबा गोठ्यात गेले. आईने कोट न काढताच मला म्हटलं, "सिग्ने, तुझ्या पत्रकातला मंगळवारचा आकडा चूक आहे."

मला वाटलं, दुःखाने तिला काहीबाही सुचतंय. "कुठला मंगळवार, आई?"

"एकोणीस हजार सहाशे चाळीस. त्यातले सहा हजार थेआचे आहेत. मी खोटं लिहिलं नाही. यंत्रात आलं तेच लिहिलं. कुणाची पावलं ते लिहिलं नाही, एवढंच."

मग तिने सगळं सांगितलं. पायरी, मोजा, केकचा डबा, ॲप्रन. ती सांगत होती आणि माझं मन पुढे धावत होतं, टेबलाकडे, स्टुलाकडे, 'मागे बघू नकोस'कडे. तिच्या आधीच मी तिथे जाऊन पोचले. तिने चौकटीच्या काचेवर बोट ठेवलं, खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात.

"हा."

तो तिळाएवढा ठिपका. मी रुमालाने पुसायची तो.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी ओरडले. "टेबल हलवताना तरी! एक शब्द बोलली असतीस तर..."

"तिचं गुपित होतं ते. माझं असतं तर सांगितलं असतं." तिने कोटाचं वरचं बटण सोडलं. "आणि तू सांगितलं असतंस ना कुणाला तरी. चांगल्या हेतूनेच. कार्यालयात, डॉक्टरला. आता तिला कुणी काही म्हणणार नाही, म्हणून सांगतेय."

हे खरं होतं. मी सांगितलं असतं, आणि वर अहवालही लिहिला असता.

"तिला माहीत होतं?" मी विचारलं. "तू का आली नाहीस ते?"

आई खुर्चीत बसली. हातमोजे काढून मांडीवर एकावर एक ठेवले.

"पहिल्यांदा गेले तेव्हा ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. तिथे बायकांकडून इस्त्री करून घेतात. रोज. शेकडो चादरी. आणि करत होती गं ती, सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहून. मला म्हणाली, 'ॲप्रन दिसला नाही का गं तुला?' मी म्हटलं, नाही दिसला. ती म्हणाली, 'मला वाटलं, कंटाळलीस माझा.'"

चुलीवरची किटली वाजायला लागली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"मग मी सांगून टाकलं. म्हटलं, सिग्ने माझा फोटो काढत होती, मान वळवायची नव्हती. ती हसली. खरंच हसली, पूर्वीसारखी. तुला सांभाळलंय तिने लहानपणी, तुझा हट्ट तिला ठाऊक होता. मला विचारलं, 'फोटो तरी छान आला का?'"

मी उठले. काय करतेय ते मलाही कळत नव्हतं, पण तो फोटो त्या भिंतीवर आणखी एक क्षण राहू देणं मला शक्य नव्हतं. मी चौकट खिळ्यावरून उचलली.

"राहू दे," आई म्हणाली.

"आई, कशी बघतेस तू याच्याकडे!"

"राहू दे म्हणतेय ना. त्यात तिचा ॲप्रन आहे. तिचं दुसरं काय आहे आपल्याकडे?"

मी चौकट परत लावली. वाकडी लागली, ती आईने उठून सरळ केली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले नाही. बाबांना घेऊन खुराड्याशेजारच्या खोलीतून जुनं टेबल बाहेर काढलं. त्यावर कोंबड्यांनी बारा वर्षांचा हिशेब मांडून ठेवला होता, तो मी गरम पाण्याने आणि घासणीने स्वतः खरवडला. टेबल खिडकीपाशी नेऊन ठेवलं. आई म्हणाली, "आता कशाला?" पण बटाट्यांचं घमेलं घेऊन ती तिथे येऊन बसली.

समोर बर्फ वितळून काळं पडलेलं शेत होतं. पलीकडे हाल्वरचं घर होतं. दोरीचे खांब त्याने केव्हाच उपटून टाकले होते. आई खाली मान घालून सोलत होती, आणि दर दोन बटाट्यांमागे एकदा वर बघत होती.